आधी नाडीवर बोट, मग पायात बूट

आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, आईबापांत कुणाला बीपी-शुगर होती का, असे त्यात प्रश्न असतात. एक प्रश्न व्यायामाचा आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का? शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांवर हा प्रश्न वाचला की बाया तोंडाला पदर लावून हसतात. एका ठाकूरवाडीत एकीने मलाच उलट विचारलं होतं, "सिस्टर, इहिरीवरनं पानी आनते त्ये यात धरायचं का नाय?"

फॉर्मात याचं उत्तर नाही. ते तिच्या मनगटात आहे. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढताना तिची नाडी किती होते आणि किती वेळ तशी राहते, यावर ते ठरतं. मी आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर धावायला लागले. या दोन्हींतून माझं एक मत पक्कं झालंय. पन्नाशी-साठीत ज्याला धावायला सुरुवात करायची आहे त्याने बूट घेण्याआधी स्वतःची नाडी मोजायला शिकावं, आणि ती वेग आवरण्यासाठी वापरावी. वेग वाढवायला मदत करणारे पुष्कळ भेटतात. आवरायला सांगणारं कुणी नसतं.

नाडी माझ्या हाताला नवी नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला पहिल्यांदा शिकवलं ते हेच: सेकंदकाट्याचं घड्याळ, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं आणि पूर्ण एक मिनिट. मोजायला अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्यालाही नाडी असते आणि माणूस आपलीच नाडी रुग्णाची म्हणून लिहून मोकळा होतो. पुढे सगळी नोकरी बाळंतिणींची, तापाने फणफणलेल्या पोरांची, विंचू चावलेल्या माणसांची नाडी धरण्यात गेली. पोटुशीच्या पोटाला फीटोस्कोप लावून आतल्या बाळाचे ठोके मोजायचे. ते १२० ते १६० असले की "सगळं बरं आहे गं" म्हणायचं. आता धावताना माझेच ठोके १२० च्या पुढे जातात तेव्हा मला त्या बाळांची आठवण येते आणि उगाच बरं वाटतं.

डोळखांबच्या रस्त्यावर सकाळी जी पळापळ असते ती भरतीच्या पोरांची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. गुण वेळेवर मिळतात, म्हणून ती जीव खाऊन पळतात. त्यांचं बरोबरच आहे. बिघडतं ते त्यांच्यामागून निघालेल्या आमच्या वयाच्या माणसांचं. डॉक्टरांनी शुगर सांगितलेली असते, पोराने ठाण्याहून बूट आणून दिलेले असतात, आणि धावणं म्हणजे काय याचा डोळ्यांसमोर एकच नमुना असतो, भरतीचा. मग निवृत्त क्लार्क, एसटीचा माजी ड्रायव्हर, घरात नुकतीच सून आलेली सासू, सगळे स्टँडपासून पहिल्या मोरीपर्यंत भरतीसारखे सुटतात आणि मोरीच्या कठड्याला धरून धापा टाकतात. चार दिवस उत्साह असतो. पाचव्या दिवशी पोटरी धरते, पंधरवड्यात बूट माळ्यावर जातात. "आपलं वय नाही राहिलं आता." वयाला दोष देऊन सगळे मोकळे होतात. नडलेला असतो वेग.

शरीराचे सगळे भाग एकाच वेळी तयार होत नाहीत, हे इथे समजून घ्यायला हवं. दम आधी सुधारतो. काही आठवड्यांतच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, मांड्या-पोटऱ्यांत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, आणि माणसाला वाटतं की आता आपण आणखी जोरात जाऊ शकतो. पण टाचेमागची कंडरा, गुडघ्याभोवतीचे बंध, पाळी गेलेल्या बाईची हाडं यांना महिने लागतात. दम पुढे गेला आणि पाय मागे राहिले की दुखापत होते. भरतीच्या पोराचे पाय लवकर सावरतात. आमचे नाही. म्हणून पहिले सहा महिने दम लागणारच नाही इतक्या बेताने धावायचं, लाज वाटेल इतकं हळू. रस्त्याने जाणारी म्हैस आपल्याला मागे टाकेल की काय असं वाटायला हवं.

पण "हळू" म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं. तिथे आकडा कामाला येतो.

आकड्याचं नाव काढलं की लगेच २२० वजा वय हे सूत्र समोर येतं. जिमच्या भिंतीवर तेच, घड्याळाच्या ॲपमध्ये तेच, व्हॉट्सॲपवरही तेच. मला त्या सूत्राचा थोडा राग आहे. १९७१ च्या सुमारास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकेतल्या दोघांनी तोवरचे काही अभ्यास एकत्र मांडले, त्यांतल्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ काढली, आणि तिचं सोपं रूप निघालं २२० वजा वय. त्या अभ्यासांतली बहुतेक माणसं पंचावन्नच्या आतली होती. लोकांच्या व्यायामावर राज्य करण्यासाठी हे सूत्र नव्हतंच, असं हॅस्केल यांनी स्वतःच पुढे सांगितलं. तोवर ते यंत्रांत जाऊन बसलं होतं. २००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास आणि १८ हजारांवर माणसं हिशोबात घेऊन दुसरं सूत्र दिलं: वयाला ०.७ ने गुणायचं आणि ते २०८ मधून वजा करायचं. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० च देतात. सत्तरीत जुनं १५० म्हणतं, नवं १५९. म्हणजे जुन्या सूत्राने आधीच म्हाताऱ्या माणसाला नऊ ठोक्यांनी आणखी म्हातारं केलं होतं.

नवं सूत्रही शेवटी सरासरीच. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल नाडीत दहा-वीस ठोक्यांचा फरक असणं काही नवल नाही. माझं वय ६१. सूत्राने माझी कमाल नाडी १६५ येते. खरी १५० असेल, नाहीतर १८० असेल. ती नेमकी काढायची तर ट्रेडमिलवर, डॉक्टर समोर उभे असताना, दम तुटेपर्यंत धावावं लागतं. आमच्याकडच्या चोंढ्याच्या चढावर एकट्याने हा प्रयोग कुणी करू नये.

मला पटतो तो मार्टी कार्व्होनेन यांचा हिशोब. फिनलंडच्या या माणसाने १९५७ मध्ये विश्रांतीची नाडीही मोजणीत घेतली. सकाळी उठल्याउठल्या, चुलीकडे जाण्याआधी, माझी नाडी ७२ असते. १६५ मधून ७२ गेले, राहिले ९३. त्याचे निम्मे ७२ मध्ये मिळवले की ११८ होतात. निम्म्याऐवजी साठ टक्के मिळवले तर १२८. माझं सगळं धावणं या दोन आकड्यांमध्ये चालतं. नाडी १२८ ओलांडली की चालायचं, ११८ च्या खाली आली की पुन्हा धावायचं. सुरुवातीला विजेचे दोन खांब धावले की पुढचे पाच चालावे लागायचे. आता ते प्रमाण उलटं झालंय, आणि मुद्दाम जोर न लावता झालंय. त्याच ठोक्यांवर पाय जास्त अंतर कापतात, हीच प्रगती. भरतीची पोरं विचारतात, "मावशी, आज किती?" त्यांना किलोमीटर हवे असतात. मी सांगते, "एकशे चोवीस." ती आधी हसायची.

आता घड्याळाविषयी. माझ्याकडे आहे, मुलाने दिलंय, आणि मी ते घालते. पण त्याच्यावर विसंबून नाही. घड्याळाखालचा हिरवा दिवा कातडीतून जाणाऱ्या रक्ताची लाट बघतो. पट्टा सैल असला, घाम साचला, हात जोरात हलला की तो गडबडतो. त्याची सगळ्यात विनोदी चूक म्हणजे तो कधीकधी पावलंच मोजतो आणि ती ठोके म्हणून दाखवतो. मिनिटाला १६० पावलं पडत असली की नाडी १६०, आणि पहिल्यांदाच घड्याळ बांधलेली बाई घाबरून रस्त्याच्या कडेला बसकण मारते. बांगड्यांनी तर आणखी घोळ होतो. हातभर काचेच्या बांगड्या असतील तर घड्याळ त्यांच्याही वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं सोडून, घट्ट बांधावं लागतं. छातीला बांधायचा पट्टा जास्त खरा, कारण तो हृदयाची वीज मोजतो. फिनलंडच्याच पोलर कंपनीने तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणला. पण ब्लाउजच्या आत पट्टा बांधून निघालेली बाई मला या रस्त्यावर अजून दिसलेली नाही, आणि तिचं काही अडलेलंही नाही. बोटं आहेत.

थांबल्याबरोबर बोटं लावायची, १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. पूर्ण मिनिट मोजत बसलं तर तेवढ्यात नाडी उतरून जाते आणि कमी आकडा हाती लागतो. त्या उतरण्यालाही अर्थ आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ ठोक्यांपेक्षा जास्त उतरत नाही, त्यांच्या हृदयाकडे लक्ष द्यायला हवं. बोटांना तालही कळतो. एखादा ठोका कधीतरी चुकतो, तो अनेकांचा चुकतो. पण नाडी सारखी वेडीवाकडी लागत असेल तर धावणं बंद आणि आधी ईसीजी. जुने वैद्य नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस म्हणत. शार्ङ्गधर संहितेत ते आलं आहे. मला त्यातलं वात-पित्त कळत नाही, पण आकड्याबरोबर चालही बघायची ही त्यांची सवय मला मोलाची वाटते.

यापुढचं मात्र कुणी वरवर वाचू नये. गोळ्या. आमच्याकडे रक्तदाबाच्या रुग्णाला बहुतेकदा अम्लोडिपिन सुरू करतात. तिने नाडीला लगाम बसत नाही. पण काहींना, विशेषतः हृदयाचा त्रास होऊन गेलेल्यांना, अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल दिलेली असते. त्या गोळ्यांचं कामच नाडी धरून ठेवण्याचं. असा माणूस पुरता दमला तरी त्याची नाडी कदाचित ११० च्या पुढे जाणार नाही. त्याने माझे ११८ ते १२८ ऐकले, किंवा जिमच्या भिंतीवरचा तक्ता वाचला, आणि तो आकडा गाठायला जोर लावला तर तो स्वतःला मारायलाच निघालाय. त्याच्यासाठी सगळी सूत्रं रद्द. त्याने डॉक्टरांकडून स्वतःचा आकडा लिहून घ्यावा. आणि धावण्यासाठी म्हणून ही गोळी मनाने बंद करू नये. ती एकदम तोडली तर हृदय उसळतं, ते जास्त वाईट.

याच्या उलट, बसल्या जागी नाडी ९५-१०० लागणाऱ्या बाया मी कितीतरी पाहिल्या. पापणी खाली ओढली की आत पांढरं. रक्त कमी. त्यांचं हृदय बसल्या बसल्याच धावत असतं. त्यांना आधी लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि आमच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणीही. थायरॉइडनेही नाडी वाढते. डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, साखर, हिमोग्लोबिन बघून घ्यावं, गरज पडली तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. एक दिवस मोडतो, पण तो मोडावा.

"चाललं तरी पुरे, धावायचं कशाला?" हा प्रश्न मला घरातही विचारतात आणि बाहेरही. शहरात खुर्चीवर बसून वय झालेल्या माणसाला चालणं खरंच पुरतं. चार पावलं झपाट्याने टाकली की त्याचे ठोके ११० वर जातात. पण जिने जन्मभर शेणी, लाकूडफाटा, चाऱ्याचे भारे वाहिले, तिची नाडी सपाट डांबरी रस्त्यावर कितीही भराभर चालली तरी नव्वदीतच घोटाळते. माझ्याबरोबर येणाऱ्या एका वहिनींची तशीच आहे. चालण्याने त्यांचं काहीच भागत नाही. त्यांना थोडं तरी धावावंच लागतं. आणि वाडीतली ती हंडेवाली? तिच्याबरोबर मी एकदा विहिरीपर्यंत गेले आणि वर आल्यावर तिची नाडी धरली. हंडे उतरवताना ती चांगलीच वाढलेली होती, पण दोन मिनिटांत खाली. दिवसातून चार-पाच वेळा असं घडतं. तिची १५० मिनिटं भरतात, भरून उरतात. तिला व्यायाम सांगणं हा चावटपणा आहे. तिला नळ हवा. भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि या तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, ते दुःख नाडी मोजून कमी होत नाही. पण ज्या दिवशी तिच्या दारात नळ येईल त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिच्याही फॉर्मात साखर दिसू लागेल, हेही मी इतर वाड्यांत पाहिलंय. मिक्सर आला, मोटारसायकल आली, गिरणी आली, तसंतसं हे होत गेलं.

जात्यावरच्या बायांना ओवी म्हणता यायची, याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. ओवी म्हणता येते म्हणजे श्वास पुरतोय, जोर बेताचा आहे. परदेशातले प्रशिक्षक आज जी बोलण्याची चाचणी सांगतात ती आमच्या आज्यांच्या ओठांवरच होती. धावता धावता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर वेग बरोबर, दोन-दोन शब्दांना श्वास घ्यावा लागला तर चाला. वारीतही तेच. वारकरी अठरा-वीस दिवस अभंग म्हणत चालतात, आणि शेवटच्या टप्प्यात वेळापूरजवळ माऊलींच्या सोहळ्यात धावा होतो. सत्तरीतले म्हातारे त्या उतारावर पंढरीच्या ओढीने पळत सुटतात. त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा, म्हातारे पळतात" म्हणणाऱ्यांनी त्याआधीची चाल विसरू नये. एवढे दिवस गाणं म्हणता येईल इतक्या जोराने चाललेले पाय असतात ते.

लता भगवान करे यांचंही नाव मला सारखं ऐकवलं जातं. बारामतीजवळच्या, साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाई २०१३ मध्ये नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केलं आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांना माझा दंडवत. पण त्या धावल्या कशासाठी? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून. बक्षिसाची रक्कम हवी होती. आम्ही ती गोष्ट जिद्दीची म्हणून टाळ्या वाजवत सांगतो. एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते यात टाळ्या कसल्या? धावायला सुरुवात करणाऱ्यांसाठी तो आदर्श नव्हे. त्यांना जीव तोडून धावण्यावाचून पर्याय नव्हता. आपल्याला आहे, तर हळू जावं. फौजा सिंग यांचंही तेच. ते वयाच्या नव्वदीच्या आसपास मॅरेथॉनकडे वळले आणि २०११ मध्ये शंभरीत टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. पूर्ण केली, एवढंच बघावं. वेळ बघू नये.

मला खरा आदर्श शेजारच्या मुरबाड तालुक्यातला वाटतो, आणि तो धावण्याचा नाहीच. फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या साठी-सत्तरीच्या, काही त्याहूनही मोठ्या आज्या पाठीला दप्तर लावून पाटीवर अ-आ गिरवू लागल्या. त्यांना कुणी दहावीच्या परीक्षेला बसवलं नाही. सही करता आली, एसटीची पाटी वाचता आली, पुष्कळ झालं. धावण्यात मात्र साठीच्या माणसाला पहिल्याच महिन्यात "मॅरेथॉनचा फॉर्म भरलास का?" असं विचारतात. माझ्या मुलाचाही जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा हट्ट असतो. तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी चारेक किलोमीटरची वेगळी दौड असते हे मला माहीत आहे. जाईन कधीतरी. पण गर्दीत, ढोलताशांत, नाव पुकारलं जात असताना नाडी आपोआप पंधरा-वीस ठोक्यांनी वर चढते आणि माणूस स्वतःला विसरतो. नवख्याने वर्षभर तरी तिकडे फिरकू नये असं माझं म्हणणं आहे.

माझी मागणी छोटी आहे. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, योगाचे वर्ग होतात, बीपी-शुगरची तपासणी होते. तपासणीला आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला तिथेच स्वतःची नाडी धरायला शिकवावं. खर्च शून्य. माणसाचा स्वतःचा हात आणि एक सेकंदकाटा. विश्रांतीची नाडी त्याच्या कार्डावर लिहावी, कोणती गोळी चालू आहे ते बघावं आणि चालताना-धावताना कुठवर जायचं तो आकडा त्याच कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. "रोज चालत जा" एवढंच औषधाच्या चिठ्ठीवर लिहितात. गोळी किती मिलिग्रॅम हे लिहायचं आणि व्यायाम किती हे मोघम सोडायचं, हे मला नोकरीत असल्यापासून खटकत आलंय.

हवेचं तेवढं सांगते, कारण पुस्तकातले आकडे थंड देशांतले आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी ऑक्टोबरात आणि मार्चनंतर हवा इतकी दमट असते की तेवढ्याच वेगाला अर्ध्या तासाने नाडी दहा ठोके वर गेलेली असते. रक्त कातडी थंड करण्याकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, मग हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. अशा वेळी आकडा पाळायचा, वेग सोडून द्यायचा. भाताच्या आवणीच्या दिवसांत मी धावतच नाही. गुडघाभर चिखलात वाकून झालेलं काम पुरेसं असतं. आणि वर्षभर, उजाडल्याशिवाय बाहेर पडू नका, कारण बिबट्या. आमच्या बाजूने डेहण्याकडे जाताना समोर आजोबाचा डोंगर दिसतो, आणि आजोबा नावाचा एक बिबट्याही होऊन गेला. २००९ मध्ये विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वयस्क होता, घाई करत नव्हता. त्याच्यावर पुढे चित्रपटही आला. त्याचे भाऊबंद पहाटे रस्त्याला असतात.

पुरुषांना पटवणं सर्वांत अवघड. आमच्या ह्यांना मेटोप्रोलॉल चालू आहे. डॉक्टरांनी त्यांना १०५ ची मर्यादा लिहून दिली तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. बायको १२८ पर्यंत जाते आणि आपण १०५ ला चालायचं! बोटं लावून मोजायला तर ते तयारच नव्हते. मग मी म्हटलं, हरिपाठ म्हणत धावा, ओळ तुटली की चाला. तेवढं मात्र ते करतात, कारण त्यात माझं ऐकल्यासारखं होत नाही. त्यांची ओळ तुटते तेव्हा मी गुपचूप मनगट धरते. नाडी शंभरच्या आसपासच असते. आता मोरीपर्यंत आम्ही पाचसहा जण असतो. आणखी कुणाला यायचं असेल तर आधी बीपी आणि रक्त तपासून यावं, चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणावी. बूट नसले तरी चालतील.